पोस्टरपाशी कोणी थांबलंच नाही

पत्र आहे मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचं. तिचा विषय मेटल ऑक्साइडच्या थिन फिल्मपासून, म्हणजे अगदी पातळ थरापासून, हवेतला गॅस ओळखणारा सेन्सर बनवण्याचा. गेल्या डिसेंबरात ती पहिल्यांदा राष्ट्रीय परिषदेला गेली, रात्रभर रेल्वेने, पोस्टरची नळी सांभाळत. पोस्टर सत्रात आपलं संशोधन मोठ्या कागदावर मांडून बोर्डाला लावायचं आणि येणाऱ्यांना समजावायचं असतं. त्याचे दोन तास ती बोर्डापाशी उभी होती. परीक्षक सोडले तर तिघं थांबले, त्यातल्या एकाने जेवणाचा हॉल कुठे आहे ते विचारलं. चहाच्या वेळी मोठ्या संस्थांमधली मुलं घोळक्याने बोलत होती, गाइड जुन्या मित्रांमध्ये होते आणि ही भिंतीपाशी. परत आली ती प्रमाणपत्र आणि कापडी पिशवी घेऊन. आता मे महिन्याच्या शेवटी आणखी एक परिषद आहे. तिथे पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी मेंटॉरिंग सेशन ठेवलंय आणि नाव द्यायला पंधरा दिवस उरलेत. ती विचारते: "माझं इंग्रजी कच्चं आहे, ओळखी काढायचा स्वभाव नाही. गाइड म्हणतात, सर्टिफिकेट मिळालं की झालं. मोठ्या माणसांच्या नजरेत यायचं तरी कसं? की हे आपलं काम नाही म्हणून गुमान थीसिस लिहायला बसावं?" शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "तसंही माझी पावसाळ्यातली रीडिंग हलतात, सर म्हणतात ती पोस्टरवर टाकू नकोस, त्यामुळे दाखवण्यासारखं फार काही नाही."

तुझ्या त्या शेवटच्या ओळीवर मला पुष्कळ बोलायचंय. पण आधी भिंतीबद्दल.

मी आयुष्यभर विद्यापीठात शिकवलं, विद्यार्थ्यांना घेऊन परिषदांना गेले. एका परिषदेला एका विद्यार्थ्याला पहिल्यांदाच नेलं होतं. माझ्या जुन्या मैत्रिणी भेटल्या आणि मी त्यांच्यात रमले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना तो मला दिसला. खांबाच्या आडोशाला, ताट डाव्या हातावर पेललेलं, खांद्यावर परिषदेची पिशवी. गळ्यातलं ओळखपत्र वरणात बुडू नये म्हणून शर्टाच्या खिशात खोचलेलं. त्याचं नाव, विद्यापीठ, काहीच कोणाला दिसत नव्हतं. दीड दिवसात मी त्याला एकाही माणसाकडे घेऊन गेले नव्हते. त्या मुलाला वाटत होतं की आपल्यात काहीतरी कमी आहे, आणि खरं तर कमी पडले होते मी. ते खोचलेलं ओळखपत्र मी आजही विसरलेले नाही. म्हणून तू 'माझा स्वभाव नाही' लिहितेस तेव्हा ते मला तसंच्या तसं मान्य करवत नाही.

ती घोळक्यातली मुलं तुझ्यापेक्षा बोलकी आहेत असं तू धरून चाललीयस. त्यांच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त काय होतं, तर आधीच्या ओळखी. आयआयटी, आयसर, टीआयएफआर अशा ठिकाणी बाहेरचे पाहुणे सतत व्याख्यानाला येतात. व्याख्यानानंतर विद्यार्थी त्यांच्याबरोबर चहा घेतात, प्रयोगशाळा दाखवतात. तीच माणसं परिषदेत भेटली की 'सर, ओळखलंत का?' एवढं पुरतं. तुझ्या विभागात बाहेरचा संशोधक वर्षाकाठी किती वेळा येतो? तुला शून्यातून सुरुवात करावी लागते आणि ते अन्यायाचंच आहे. पण जे सरावाने आणि सोयीने आलंय ते तुलाही सरावाने येईल.

आता 'मोठ्या माणसांच्या नजरेत यायचं' याकडे येऊ. कोणाच्या नजरेत, आणि कशासाठी? बीजभाषण देणाऱ्या प्राध्यापकांभोवती भाषणानंतर तीस जण जमतात. तू एकतिसावी. ते हसून कार्ड देतील आणि संध्याकाळच्या विमानाने जातील. तुझ्या उपयोगाची माणसं बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसलेली असतात: नुकती पीएचडी झालेले पोस्टडॉक आणि स्वतःची प्रयोगशाळा मांडून दोन-चार वर्षं झालेले प्राध्यापक. हे लोक तुझ्याच वाटेने नुकतेच गेलेत. कुठली फेलोशिप कधी निघते, कुठल्या प्रयोगशाळेत माणसाला माणसासारखं वागवतात, हे त्यांना ताजं माहीत असतं. शिवाय त्यांना स्वतःला सहकारी हवे असतात.

पुढच्या वाटेचा विचार केलास तर याचं महत्त्व कळेल. आपल्याकडची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप घे, जर्मनीची हुम्बोल्ट घे, नाहीतर युरोपची मारी क्युरी. या अर्जांना 'आमच्या प्रयोगशाळेत हिला घ्यायला आम्ही तयार आहोत' असं म्हणणारं कोणीतरी लागतं. मारी क्युरीचा अर्ज तर यजमान संस्थेबरोबर मिळूनच करायचा असतो आणि त्याची मुदत दरवर्षी साधारण सप्टेंबरात येते. असं म्हणणारा माणूस ऑगस्टात ईमेल पाठवून सापडणं अवघड. आधी कुठेतरी दहा मिनिटं कामाबद्दल नीट बोलणं झालं असेल, तर त्या ईमेलला उत्तर येतं. परिषदेतली ओळख म्हणजे ती दहा मिनिटं.

मोठ्या माणसाच्या एका शब्दावर आपलं आयुष्य ठरतं, ही समजूतही जरा तपासून बघ. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत २४ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांनी श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या, ताऱ्यांच्या वस्तुमानाला मर्यादा असते हे मांडलं. त्यांच्यापाठोपाठ आर्थर एडिंग्टन उभे राहिले आणि भरसभेत त्यांनी त्या मांडणीची खिल्ली उडवली. त्या काळातलं खगोलशास्त्रातलं सर्वांत वजनदार नाव. आधीचे काही महिने हेच एडिंग्टन चंद्रशेखरांना भेटून कामाची विचारपूस करत होते, पण आपण काय बोलणार याचा सुगावा त्यांनी लागू दिला नव्हता. तेव्हा चंद्रशेखरांनी पत्र लिहिलं ते कोपनहेगनमधले भौतिकशास्त्रज्ञ मित्र लिऑन रोझेनफेल्ड यांना. वयाने पाच-सहा वर्षांनीच मोठे. रोझेनफेल्डनी थोर भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्याशी बोलून कळवलं की एडिंग्टनच्या म्हणण्यात दम नाही. नोबेल मिळायला १९८३ साल उजाडलं. सभेत जे घडलं ते घडलं, पण त्या आठवड्यात त्यांना उभं ठेवलं ते बरोबरीच्या मित्राने. तुझ्या पोस्टरशेजारच्या बोर्डावर कोण उभं होतं ते आठवतंय का? तिच्याशी बोलली होतीस का? मेमध्ये शेजारणीपासूनच सुरुवात कर. तीही दोन तास उभी असणार.

इंग्रजीचं म्हणशील, तर मी तुला खोटा धीर देणार नाही. इंग्रजी लागतं. पण पोस्टरपाशी लागतं ते इंग्रजी फार थोडं असतं आणि ते पाठ करता येतं. तीन वाक्यं तयार कर: मी काय बनवते, त्यात अडचण काय येते, मला काय सापडलं. आरशासमोर नको, मैत्रिणीसमोर म्हण, ती मराठीची किंवा इतिहासाची असेल तर उत्तम. तिला कळलं की वाक्यं जमली. पुढचं बोलणं आलेखावर बोट ठेवून होतं. आणि समोरचा मराठी निघाला तर मराठीत बोल. बीएआरसी, एनसीएल, टीआयएफआरमधून येणाऱ्यांत मराठी बोलणारे पुष्कळ असतात. चहाच्या टेबलावर मराठीत विज्ञान बोलणं यात काही कमीपणा नाही. फक्त तेवढ्याच कोंडाळ्यात तीन दिवस काढू नकोस.

आता ती शेवटची ओळ. पावसाळ्यात तुझी रीडिंग हलतात. का हलतात हे तुझ्या प्रयोगशाळेत कोणी विचारलं का? मेटल ऑक्साइडच्या तापलेल्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, सेन्सरचं सगळं काम त्यावर चालतं. हवा दमट झाली की पाण्याच्या रेणूंपासून तिथे हायड्रॉक्सिल गट तयार होतात, ऑक्सिजनची जागा अडते, बेसलाइन (गॅस नसतानाचं मूळ रीडिंग) सरकते आणि गॅसला मिळणारा प्रतिसादही बदलतो. हवेतला गॅस मोजणारा सेन्सर बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाची ही जुनी डोकेदुखी आहे. मुंबईत किंवा कोचीत लावायचा सेन्सर कोरड्या चेंबरमध्ये छान चालला, तर त्याचं काय करायचं? तुझ्याकडे एकाच फिल्मची मार्चमधली कोरड्या हवेतली आणि जुलैमधली दमट हवेतली रीडिंग आहेत. त्या त्या दिवशीची आर्द्रता वहीत टिपलेली असेल, तर तू ज्याला अपयश म्हणतेस तोच तुझ्या पोस्टरवरचा सर्वांत बोलका आलेख आहे. टिपली नसशील, तर आजपासून हायग्रोमीटर सेटअपशेजारी ठेव. गुळगुळीत आलेखापाशी कोण थांबणार? 'हे असं का होतंय मला कळत नाही, तुम्हाला काय वाटतं?' असा प्रश्न आला की संशोधकाचे पाय आपोआप थबकतात.

पण ही रीडिंग सरांना न विचारता लावू नकोस. ते 'नको' म्हणतात त्याला कारण असू शकतं. पेपर अजून गेलेला नसेल, किंवा परीक्षकांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं तर तुझी अडचण होईल, अशी धास्ती असेल. अप्रकाशित काम कुठे दाखवायचं याची काळजी रास्तच आहे. १९३१ पासून चालत आलेल्या गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्समध्ये नियमच आहे की तिथे ऐकलेलं परवानगीशिवाय कोणी नोंदवायचं नाही, कुठे वापरायचं नाही. म्हणून लोक तिथे अर्धवट कामही मोकळेपणाने दाखवतात. सगळीकडे असं संरक्षण नसतं. तेव्हा सरांसमोर बस आणि विचार: "सर, यातला कुठला आलेख पोस्टरवर चालेल, आणि कुठला कोणी विचारलं तरच फोनवर दाखवू?" असा नेमका प्रश्न असेल तर त्यांना नेमकं उत्तर द्यावं लागेल.

सरांचं 'सर्टिफिकेट मिळालं की झालं' हेही आकाशातून पडलेलं नाही. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत थीसिस सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणं झालेली असावी लागत. त्यामुळे गावोगाव परिषदा उगवल्या आणि एका पिढीच्या डोक्यात परिषद म्हणजे फाइलीत लावायचा कागद हे पक्कं बसलं. २०२२ च्या नियमावलीत ती सक्ती उठली. तुझ्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवलीय का ते पीएचडी विभागात विचारून घे. पण सवय मोडायला वेळ लागतो. सरांवर मी रागावणार नाही, मला फक्त त्यांच्याकडून एक छोटी गोष्ट काढून घ्यायचीय. 'माझी ओळख करून द्या' असं मोघम म्हणू नकोस. कार्यक्रमपत्रिका आली की एक नाव निवड आणि म्हण, "सर, या मॅडमशी माझं दोन मिनिटं बोलणं करून द्याल का? त्यांनी दमट हवेतल्या सेन्सरवर काम केलंय." बरेच गाइड अशा वेळी मनापासून हात देतात. त्यांना आजवर असं कोणी मागितलेलंच नसतं. गाइड काय करू शकतो याचं उदाहरण हवं असेल तर १९६१ चं बघ. त्याच रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांच्या निष्कर्षांना उत्तर द्यायला फ्रेड हॉईल यांनी उभं केलं ते आपल्याकडे पीएचडी जेमतेम सुरू केलेल्या जयंत नारळीकरांना. हे वाचणाऱ्या गाइडांनाही माझी हात जोडून विनंती आहे: एका परिषदेत एका विद्यार्थ्याला दोन माणसांपर्यंत पोचवा. दहा मिनिटं लागतात.

मेंटॉरिंग सेशनला नाव दे. सहसा एका टेबलावर एक अनुभवी संशोधक आणि पाच-सात विद्यार्थी बसतात, अर्धा-पाऊण तास मिळतो. तिथे 'करिअरसाठी काय करू?' विचारलंस तर 'मेहनत कर, चांगल्या जर्नलमध्ये छाप' असं उत्तर येईल आणि वेळ संपेल. असं विचार, ज्याचं उत्तर त्याच माणसाकडे आहे: "मी पुढच्या मार्चमध्ये थीसिस देणार आहे, पोस्टडॉकचे अर्ज कुठल्या महिन्यात सुरू करू?" "विद्यापीठातून आलेल्या अर्जात तुम्ही पहिल्यांदा काय बघता?" "माझ्या विभागात एक्सपीएस (पृष्ठभागाची रासायनिक तपासणी करणारं उपकरण) नाही, सॅम्पल कुठे मोजून घेऊ?" हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमसारख्या संस्था विद्यापीठांतल्या संशोधकांना उपकरणं मिळावीत म्हणूनच उभ्या आहेत. तिथे मोजणीला चार दिवस राहिलीस तर उपकरण चालवणाऱ्या शास्त्रज्ञाशी जी ओळख होते, ती तीन दिवसांच्या परिषदेत होणार नाही. मेंटॉर म्हणजे एकच कोणी देवमाणूस असतो हेही डोक्यातून काढ. उपकरणाबद्दल एकाला विचारशील, अर्जाबद्दल दुसरीला, आणि घरचे लग्नाचा विषय काढतायत तेव्हा पोस्टडॉकचं काय, हे तिसऱ्याच कोणाला.

गोषवाऱ्यांचं पुस्तक आलं की तीन नावं काढ. तिघांचा प्रत्येकी एक पेपर नीट वाच आणि परिषदेच्या दहा दिवस आधी मेल पाठव, चार ओळींचा. इंग्रजीत लिहायचा, पण त्यात हे असू दे: मी अमुक विद्यापीठात झिंक ऑक्साइडच्या (किंवा जो काही तुझा असेल त्या) सेन्सरवर काम करते. तुमच्या अमुक पेपरमध्ये तुम्ही आर्द्रता स्थिर ठेवून मोजणी केलीय. माझ्या फिल्मची बेसलाइन पावसाळ्यात सरकते आणि कारण पृष्ठभागात आहे की सेटअपमध्ये, हे मला ठरवता येत नाही. माझा पोस्टर क्रमांक अमुक, दहा मिनिटं बघाल का? बस. बायोडेटा जोडू नकोस, जागा आहे का विचारू नकोस. तिघांपैकी एकाचं उत्तर आलं तरी चांगलं. ज्यांचं आलं नाही त्यांनाही तिथे गाठून 'मी मेल केला होता' म्हणता येतं.

पैशांचंही बोलू. सारथी, बार्टी, महाज्योतीची फेलोशिप वेळेवर हातात न पडणाऱ्या मुलांची पत्रं मला येतात. नोंदणीची सवलतीची मुदत चुकवू नकोस आणि आयोजकांना शुल्कमाफी किंवा राहण्याची सोय होईल का हे लेखी विचार. बऱ्याच परिषदा विद्यार्थ्यांसाठी थोडा निधी ठेवतात, पण मागणाऱ्यालाच तो मिळतो. आणि जिथे सगळ्या शाखांचे 'सर्व विषय' एकाच दिवशी, गोषवारा पाठवला की दोन तासांत 'स्वीकारला' आणि लगेच पैसे भरायची लिंक, तिथे एक रुपयाही घालू नकोस.

एक गोष्ट मुलींना, आणि मुलांनाही, स्पष्ट सांगते. मार्गदर्शनाच्या भेटी हॉलमध्ये, कँटीनमध्ये, पोस्टरपाशी होतात. कोणी रात्री खोलीवर 'चर्चेला' बोलावलं तर 'उद्या चहाच्या वेळी भेटू' म्हणायचं आणि जायचं नाही, मग नाव कितीही मोठं असो. यूजीसीच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१५ च्या नियमांनी विद्यार्थी म्हणून जिथे जावं लागतं त्या बाहेरच्या जागाही कॅम्पसमध्येच धरल्या आहेत. म्हणजे परिषदेत काही घडलं तरी तुझ्या विद्यापीठाची अंतर्गत समिती 'ते बाहेर झालं' म्हणून हात झटकू शकत नाही.

तिथे गेल्यावर कोणाशी काय बोलणं झालं ते त्याच रात्री गोषवाऱ्यांच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लिही. घरी पोचल्यावर दोन दिवसांत आभाराचा मेल कर आणि त्यांनी सुचवलेली एक गोष्ट त्यात नावानिशी लिही. बहुतेक मुलं इथेच थांबतात. खरं नातं जुळतं ते दोन-तीन महिन्यांनी, 'तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं, हे असं झालं' असं कळवणाऱ्याशी. मी स्वतः ज्यांची शिफारसपत्रं मनापासून लिहिली, त्यांतली निम्मी मुलं माझी विद्यार्थी नव्हती. एकदा भेटून पुन्हा कळवणारी होती.

मेअखेरची परिषद आटोपून तू घरी येशील तेव्हा पावसाळा तोंडावर असेल. परिषदेत कोणी उपाय सुचवला असेल तर तो फिल्मवर करून ठेव. पहिल्या मोठ्या पावसानंतर आर्द्रता टिपून रीडिंग घे. बेसलाइन स्थिर राहिली तरी आणि सरकली तरी, तो आलेख जोडून त्या माणसाला पाठव.